अजरखपूरला जाताय? गाडीवाल्याचं ऐकू नका

अजरखपूर हे कच्छमधलं अजरखचं, म्हणजे लाकडी ठशांनी कापड छापण्याच्या कलेचं गाव. भूजमधल्या हॉटेलने ठरवून दिलेल्या गाडीवाल्याने हमरस्त्यावरच्या एका चकचकीत एसी शोरूमसमोर गाडी लावली आणि सांगितलं, "हेच अजरखपूर." साफ खोटं! गाव अजून पुढे होतं. आत एक काका दाखवण्यापुरता ठसा मारत बसलेले, मागे रॅकवर थप्प्या. साडी साडेनऊ हजार, "प्युअर नॅचरल डाय". मी पदर उलटा केला, तर मागची बाजू पांढरीफटक.

एवढी एक गोष्ट लक्षात ठेवलीत तरी तुमचे पैसे वाचतील. खऱ्या अजरखचं कापड अख्खं निळीच्या हौदात बुडवतात, मग मंजिष्ठेत (मुळांपासूनचा लाल रंग) किंवा अलिझरिनमध्ये (तोच लाल, पण कारखान्यात बनलेला, स्वस्त) उकळतात. त्यामुळे छपाई एकाच बाजूने असली तरी रंग मागे उतरतोच. स्क्रीन प्रिंटमध्ये तो वरच बसतो आणि हाताला कडक लागतो. शिवाय हाताच्या ठशांच्या जोडावर कुठेतरी केसभर फरक दिसतो. सगळं मोजून मापून तंतोतंत जुळलेलं दिसलं की दुकानाबाहेर पडा.

खरं गाव भूज-भचाऊ रस्त्यावर, भूजपासून साधारण १५ किलोमीटरवर आहे, आणि ते खत्री कारागिरांनी स्वतः वसवलंय. ही मंडळी मूळची कच्छमधल्याच धमडका गावची. तिथली सारण नदी आटली होतीच, त्यात २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात घरं गेली आणि पाण्यातलं लोह वाढलं. लोहाने रंग काळवंडतात, म्हणजे धंदाच बसला. मग पाणी बघून नवी जागा घेतली आणि गावाला कलेचंच नाव दिलं. वाळवंटात धंदा उभा करायचा तर आधी पाणी, मग बाकी सगळं. सगळे मात्र आले नाहीत, धमडक्यातही छपाई चालू आहे. नैसर्गिक रंग परत आणले ते मोहम्मद सिद्दीक खत्रींनी. त्यांचे चिरंजीव इस्माईलभाई यांना २००३ मध्ये इंग्लंडच्या डी मॉंटफोर्ट विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली. कच्छ अजरखला २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, पण त्या शोरूमवाल्याला त्याचं काय!

सकाळी लवकर पोचा. हिरड्याने पिवळं झालेलं कापड टेबलावर ताणलेलं असतं, कारागीर ठसा टेकवून तळहाताच्या टाचेने एक दणका देतो आणि डोळ्यांनीच पुढची जागा धरतो. काळ्या रंगाचं पिंप बघाच: गंजकं लोखंड आणि गूळ आंबवलेला, वास भयंकर. निळीतून कापड हिरवट निघतं आणि हवा लागली की डोळ्यांदेखत निळं होतं. तिथे मी सगळा राग विसरलो. शुक्रवार टाळा, नमाजामुळे काम थांबतं. पावसाळ्यातही जाऊ नका, ऊन नसेल तर कापड वाळत नाही.

कारखान्यातच खरेदी करा. घासाघीस करू नका, एकेका थानामागे दोन-तीन आठवडे जातात. दुपट्टा कमी पैशात हवा असेल तर "अलिझरिनचा की मंजिष्ठेचा?" एवढं विचारा, समोरचा सरळ बोलायला लागतो. गावातलं एलएलडीसी हे भरतकामाचं संग्रहालय उत्तम, पण तिथे दोन तास सहज जातात, म्हणून ते दुपारच्या उन्हासाठी ठेवा. पांढरं रण? झालं, बघितलं, छान आहे.

गाडी हॉटेलकडून घेऊच नका. भूजच्या बस स्टँडवरून रिक्षा करा किंवा भचाऊकडची एसटी पकडून फाट्यावर उतरा. गाडीच हवी असेल तर "एकही दुकान नाही" हे बसण्याआधी बोलून घ्या. शोरूममधून रिकाम्या हाताने बाहेर आलो म्हणून त्या गाडीवाल्याने माझ्याकडे सहाशे रुपये वेटिंग मागितलं. मी दिलं नाही, तर पठ्ठ्याने भूजपर्यंत एसी बंद ठेवला.