सूचना आली, पण तिचा धनी कोण?

ज्या संस्थेची ॲमेझॉन वेब सर्व्हिसेसवर, म्हणजे एडब्ल्यूएस या भाड्याने सर्व्हर व इतर सेवा देणाऱ्या क्लाउडवर, दोन-चारच खाती आहेत, तिला सेवांच्या आरोग्याबद्दलच्या (कुठे बिघाड आहे, काय बदलणार आहे अशा) सूचनांची वेगळी व्यवस्था लावावी लागत नाही. ईमेल येतो, कोणीतरी तो वाचतो आणि काम होऊन जाते. खाती शेकड्यांत गेली की ही पद्धत कोलमडते. प्रत्येक टीमला स्वतंत्र खाते, त्यातही चाचणीचे वेगळे आणि प्रत्यक्ष वापराचे वेगळे, ही रचना सुरक्षेच्या आणि खर्चाच्या हिशेबाच्या दृष्टीने योग्यच आहे. परंतु तिच्यामुळे सूचनाही तितक्याच ठिकाणी विखुरतात. ईमेल जातो तो खात्याच्या रूट, म्हणजे सर्वाधिकारी, वापरकर्त्याच्या पत्त्यावर आणि पर्यायी संपर्क नोंदवलेले असतील तर त्यांच्याकडे. मोठ्या संस्थांत हा रूट पत्ता बहुधा खाते उघडणाऱ्या स्क्रिप्टने तयार केलेला असतो, आणि त्या पेटीत महिनोन्महिने कोणी डोकावत नाही.

या सूचना एका जागी गोळा करण्याचे काम मी करतो. ते करताना माझे एक मत पक्के होत गेले आहे: गोळा करणे हा या कामाचा सोपा भाग आहे. प्रत्येक सूचनेचा धनी ठरवणे आणि ती त्याच्या कामाच्या यादीत पोहोचवणे हा खरा भाग आहे, आणि बहुतेक ठिकाणी नेमका तोच अर्धवट राहतो.

आधी यंत्रणेची ओळख. सगळ्या जगाला दिसणारे सेवास्थितीचे पान आणि आपल्या खात्यापुरती माहिती देणारा वैयक्तिक डॅशबोर्ड या एडब्ल्यूएसवर पूर्वी दोन वेगळ्या गोष्टी होत्या. वैयक्तिक डॅशबोर्ड २०१६ मध्ये आला आणि २०२२ मध्ये दोन्ही एकत्र होऊन आजचा ‘हेल्थ डॅशबोर्ड’ तयार झाला. त्यात येणाऱ्या घटनांचे मुख्य प्रकार तीन: सेवेतील बिघाड, नियोजित बदल आणि खात्यासाठीची सर्वसाधारण सूचना. संस्थेच्या पातळीवरचे दृश्य ऑर्गनायझेशन्सच्या, म्हणजे सर्व खाती एकत्र बांधणाऱ्या सेवेच्या, व्यवस्थापकीय खात्यातून सुरू करावे लागते. ते सुरू करण्यापूर्वी घडलेल्या घटना त्यात येत नाहीत, म्हणून बाकीची रचना ठरायची वाट न पाहता ही एक कळ आधीच दाबून ठेवावी. त्यानंतर रोजचे काम व्यवस्थापकीय खात्यातून न करता एखाद्या सदस्य खात्याला प्रतिनिधी प्रशासक नेमून त्याच्याकडे सोपवावे. अशी जास्तीत जास्त पाच खाती नेमता येतात. व्यवस्थापकीय खात्यात जितकी कमी माणसे आणि जितक्या कमी स्क्रिप्ट वावरतील तितके बरे.

माहिती मिळवण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे हेल्थ एपीआयला, म्हणजे प्रोग्रामने माहिती मागण्याच्या दाराला, स्वतः विचारणे. त्यासाठी बिझनेस किंवा त्यावरचा सशुल्क सपोर्ट लागतो. शिवाय ही एपीआय काही मोजक्या रीजनमधूनच (रीजन म्हणजे एका भूभागातील डेटा सेंटरांचा समूह) चालते आणि त्या क्षणी सक्रिय असलेला पत्ता डीएनएसला, म्हणजे इंटरनेटच्या पत्तेवहीला, विचारून घ्यावा लागतो. तो कोडमध्ये कायमचा लिहून ठेवला तर नेमक्या अडचणीच्या दिवशी आपण बंद दारावर थापा मारत बसतो. दुसरा मार्ग इव्हेंटब्रिजचा, म्हणजे घटना नियमांनुसार पुढे पाठवणाऱ्या सेवेचा. तिथे घटना आपल्यापर्यंत चालत येते आणि त्यासाठी सशुल्क सपोर्टची अटही नाही. नव्याने बांधणी करणाऱ्याने दुसरा मार्ग धरावा आणि पहिला दिवसातून एकदा ताळा करण्यासाठी राखून ठेवावा, असे मला वाटते.

इव्हेंटब्रिजच्या मार्गावरही काही खाचखळगे आहेत. नियम रीजननिहाय असतात, म्हणून आपण एकाच रीजनमध्ये नियम लिहिला तर बाकीच्या रीजनमधल्या घटना कानावर येणार नाहीत, असे सकृद्दर्शनी वाटते. त्यावर तोडगा असा आहे की घटना ज्या रीजनमध्ये घडते तिथे आणि त्याबरोबरच ओरेगॉनच्या रीजनमध्येही पाठवली जाते (ओरेगॉनच्याच घटनांसाठी हा मान उत्तर व्हर्जिनियाला मिळतो). त्यामुळे या दोन ठिकाणी नियम लावले तरी सर्व रीजन नजरेच्या टप्प्यात येतात. पण मग तीच घटना दोनदा येण्याची शक्यता उरते. संस्थेच्या दृश्यात बाधित खात्यांगणिक वेगळा संदेश येतो, एकाच घटनेची अद्ययावत माहिती पुन्हा पुन्हा येते, आणि बाधित साधनांची (सर्व्हर, डेटाबेस वगैरेंची) यादी लांबली की एकच संदेश अनेक पानांत विभागून येतो. घटनेचा ओळख-क्रमांक, संदेशाचा क्रमांक, बाधित खाते आणि पान क्रमांक या चौघांची मिळून एक किल्ली केली तर पुनरावृत्ती गाळता येते. फक्त घटनेच्या क्रमांकावर भिस्त ठेवली, तर ‘बिघाड दूर झाला’ हा संदेश पुनरावृत्ती समजून फेकला जातो आणि टीम तासभर विनाकारण जागी राहते.

आता बिघाडांविषयी. आरोग्य-सूचनांची व्यवस्था म्हटली की व्यवस्थापनाच्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा हेच चित्र येते: सेवा कोसळली, डॅशबोर्ड लाल झाला, भोंगा वाजला. माझ्या मते ही अपेक्षाच चुकीची आहे. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी उत्तर व्हर्जिनियातील एस३ ही माहिती साठवण्याची सेवा ठप्प झाली. एका देखभालीच्या आज्ञेत चुकीची माहिती भरली गेल्यामुळे ठरल्यापेक्षा कितीतरी अधिक सर्व्हर काढून टाकले गेले होते. त्या दिवशी सेवास्थितीच्या पानावरील नोंदी सुमारे दोन तास बदलताच आल्या नाहीत, कारण ते पान चालवणारी यंत्रणा स्वतःच एस३वर अवलंबून होती. तोवर कंपनीने ट्विटरवरून माहिती दिली. ७ डिसेंबर २०२१ रोजी त्याच रीजनमध्ये अंतर्गत नेटवर्क तुंबले, तेव्हा तर ग्राहकांना सपोर्टकडे तक्रार नोंदवणेही कित्येक तास कठीण झाले. हा सारा तपशील कंपनीने स्वतः प्रसिद्ध केलेल्या निवेदनांत आहे. त्यानंतर रचना सुधारली आहे, हे मान्य. तरीही सेवा देणाऱ्याने बिघाड ओळखायचा, त्याची खात्री करायची, मजकूर लिहायचा आणि मग तो आपल्यापर्यंत पोहोचायचा, या साखळीला वेळ लागतो आणि लागणारच.

म्हणून बिघाड ओळखण्याचे काम आपल्याच मापनाने करावे: विनंत्यांचा प्रतिसादकाल, चुकांचे प्रमाण, बाहेरून मारलेल्या कृत्रिम फेऱ्या (वापरकर्त्यासारख्या आपोआप पाठवलेल्या चाचणी-विनंत्या). आरोग्य-सूचनेचे काम त्यानंतरचे. रात्री दोन वाजता जागी झालेली टीम कालच केलेला बदल उलटवायचा की थांबायचे या पेचात असते. अशा वेळी ‘बिघाड आपला नाही’ हे खात्रीने कळणे फार मोलाचे असते. म्हणजे ही सूचना भोंग्याला जोडण्यापेक्षा आधीच वाजलेल्या भोंग्याच्या नोंदीला चिकटवणे अधिक शहाणपणाचे.

इथे अनेक खात्यांच्या संस्थेला सतावणारा एक तपशील आहे. यूएस-ईस्ट-१ए हे झोनचे, म्हणजे रीजनमधल्या डेटा सेंटरांच्या एका स्वतंत्र गटाचे, नाव दोन खात्यांत एकाच प्रत्यक्ष झोनकडे बोट दाखवते असे समजण्याचे कारण नाही. विशेषतः जुन्या रीजनमध्ये ही नावे खात्यागणिक वेगळ्या झोनना दिलेली असतात. सर्वत्र सारखा राहतो तो झोनचा ओळख-क्रमांक, उदाहरणार्थ यूएसई१-एझेड४. बिघाडाच्या निवेदनांतही सहसा हाच क्रमांक असतो. तेव्हा प्रत्येक खात्याचा ‘नाव ते क्रमांक’ असा तक्ता आधीच काढून ठेवला आणि सूचना पुढे पाठवताना त्या त्या खात्याच्या नावात भाषांतरित केली, तर निम्मे गोंधळ तिथेच मिटतात. तसे न केल्यास एक टीम ‘आमच्या झोनला काही झालेले नाही’ म्हणून निर्धास्त राहते आणि दुसरी धडधाकट झोनमधून वाहतूक हलवत बसते.

सार्वजनिक घटनांचा स्वभावही लक्षात ठेवावा. घटना सार्वजनिक असेल तर संस्थेच्या एपीआयमध्ये बाधित खात्यांची यादी रिकामी येते. कोणत्या खात्यांना झळ पोहोचली हे तिथून कळत नाही. ती सेवा त्या रीजनमध्ये कोण वापरते, हे आपल्या साधनसूचीवरून किंवा बिलावरून आपणच काढायचे. बिल हे यासाठी भलतेच विश्वासू साधन आहे.

खरी कमाई मात्र नियोजित बदलांत आहे. या सूचना आठवडे किंवा महिने आधी येतात, थंड सुरात लिहिलेल्या असतात आणि म्हणूनच दुर्लक्षित राहतात. ईसी२ या भाड्याच्या आभासी सर्व्हरखालचे प्रत्यक्ष यंत्र निकामी होऊ लागले की तो सर्व्हर निवृत्त होणार असल्याची सूचना येते. त्याची मूळ डिस्क ईबीएसवर, म्हणजे यंत्रापासून वेगळ्या साठवणीवर, असेल तर तो एकदा थांबवून पुन्हा सुरू केला की नव्या यंत्रावर जातो. ती त्या यंत्रावरच असेल तर ठरल्या तारखेला माहितीसकट सर्व्हर संपतो. पाच मिनिटांचे काम आणि कायमचे नुकसान यांच्यातला फरक एका वाचलेल्या संदेशाचा असतो.

दुसरे उदाहरण आरडीएस या डेटाबेस-सेवेच्या प्रमाणपत्रांचे, म्हणजे डेटाबेसची ओळख पटवणाऱ्या डिजिटल दाखल्यांचे. २०१९ च्या मालिकेतील मूळ प्रमाणपत्राची मुदत २२ ऑगस्ट २०२४ रोजी संपली. सूचना अर्थातच डेटाबेस ज्या खात्यात होता तिथे येत होत्या. परंतु प्रमाणपत्र तपासणारे ॲप्लिकेशन अनेकदा दुसऱ्याच टीमच्या दुसऱ्याच खात्यात असते, आणि कामाचा क्रम असा की आधी ॲप्लिकेशनच्या विश्वासू प्रमाणपत्रांच्या साठ्यात नवे प्रमाणपत्र घालायचे व मगच डेटाबेसचे बदलायचे. म्हणजे सूचना एकाच्या दारात आणि पहिले काम दुसऱ्याच्या घरात. कोणताही केंद्रीय डॅशबोर्ड हे नाते स्वतःहून ओळखत नाही. ते आपल्याच नोंदींत असावे लागते.

ईकेएसचे, म्हणजे सर्व्हरच्या समूहावर (क्लस्टरवर) ॲप्लिकेशन्स चालवणारी कुबरनेट्स प्रणाली सांभाळणाऱ्या सेवेचे, प्रकरण पैशांचे आहे. कुबरनेट्सच्या प्रत्येक आवृत्तीला १४ महिने नेहमीचा आणि त्यापुढे १२ महिने वाढीव आधार मिळतो. वेळेत आवृत्ती बदलली नाही तर क्लस्टर आपोआप वाढीव आधारात जातो आणि त्याचा ताशी दर ०.१० डॉलरवरून ०.६० डॉलर होतो. काहीही बंद पडत नाही, म्हणून कोणाला काही कळत नाही. एका क्लस्टरमागे वर्षाला सुमारे ४,३८० डॉलरचा जादा भुर्दंड मात्र मुकाट्याने चालू राहतो. लॅम्डा या सर्व्हर न सांभाळता कोड चालवू देणाऱ्या सेवेत जुना रनटाइम (कोड ज्यावर चालतो ती भाषेची आवृत्ती) कालबाह्य होणार असल्याची सूचना किमान १८० दिवस आधी येते. इतकी लांबची मुदत मिळाली की प्रत्येक टीम ती पुढच्या तिमाहीवर ढकलते, हा मनुष्यस्वभाव आहे आणि त्यावर तांत्रिक उपाय नाही. फक्त मुदत जवळ येईल तशी सूचना वरच्या पायरीवर सरकत जाईल, एवढी सोय करता येते.

आता धन्याचा प्रश्न. साधनांवर लावलेल्या टॅगवरून, म्हणजे माहितीच्या चिठ्ठ्यांवरून, मालक शोधण्याचा मोह सर्वांना होतो. टॅग असतात तिथे ते उत्तम, पण सर्वत्र आणि बिनचूक असे ते कधीच नसतात. माझा आग्रह खात्याच्या पातळीवरील नोंदीचा आहे: प्रत्येक खाते उघडतानाच जबाबदार टीम, तिची कामांची रांग आणि तिच्या वरचा माणूस या तीन गोष्टी भरल्याशिवाय खाते मिळूच नये. टॅग सापडला तर तो वापरावा, नाहीतर खात्याची नोंद, आणि तीही नसेल तर सूचना क्लाउड चालवणाऱ्या केंद्रीय टीमकडे यावी. ही शेवटची वाट मुद्दाम थोडी त्रासदायक ठेवावी. केंद्रीय टीमला त्रास झाला की मालकाची नोंद भरली जाते. पर्यायी संपर्कही व्यवस्थापकीय खात्यातून सर्व खात्यांसाठी एकदम भरता येतात, आणि आपली सारी यंत्रणा बंद पडली तरी किमान ईमेल योग्य माणसाकडे जावा म्हणून ते भरलेले असावेत.

सूचना कुठे टाकायची, याबाबत मी हट्टी आहे. चॅटच्या खोलीत टाकलेली सूचना दुपारपर्यंत वर सरकून दिसेनाशी होते आणि ‘कोणीतरी बघत असेल’ या समजुतीत संपते. नियोजित बदलासाठी टीमच्या रांगेत तिकीट, म्हणजे कामाची नोंद, हवे, त्यावर मुदतीची तारीख हवी आणि बाधित साधनांची यादी हवी. नियोजित बदलांच्या अनेक घटनांत प्रत्येक साधनाची ‘बाकी’ किंवा ‘निकाली’ अशी स्थितीही येते. ती वाचून तिकीट आपोआप बंद करता आले तर टीमचा या व्यवस्थेवर विश्वास बसतो, कारण काम केल्यावरही छळणाऱ्या सूचनेइतकी दुसरी कोणतीही गोष्ट माणसाला सूचना न वाचायला शिकवत नाही. चॅटची खोली फक्त चालू बिघाडांसाठी ठेवावी.

डॅशबोर्डवर घटना ९० दिवसच राहतात. आलेला प्रत्येक संदेश मूळ स्वरूपात एस३मध्ये साठवण्याचा खर्च नगण्य आहे आणि तो साठा तिमाही आढाव्याच्या वेळी उपयोगी पडतो. त्या आढाव्यात मी ‘किती घटना आल्या’ हा आकडा बघत नाही, कारण तो आपल्या हाती नाही. किती सूचना धन्याविना केंद्रीय टीमकडे आल्या आणि किती नियोजित बदल मुदतीच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत रेंगाळले, हे दोनच आकडे पुढे ठेवतो. पहिल्यावरून खात्यांची नोंदवही कुठे फाटली आहे ते दिसते आणि दुसऱ्यावरून कोणत्या टीमवर झेपेल त्यापेक्षा जास्त भार आहे ते.