मे महिन्यातलं फुकटचं पाणी

मे महिन्यात पवई तलाव जेवढा आटायला हवा तेवढा आटतच नव्हता. म्हणजे कॉम्प्युटरवरचं माझं मॉडेल रोज तलाव आटवत होतं आणि काठावरची पाणीपातळी मोजायची पट्टी ऐकत नव्हती. स्वॅट म्हणजे पाणलोटाचा हिशोब करणारं सॉफ्टवेअर, त्यात पूर्ण पाणलोट बसवलेलं, उतार, माती, सीएन (पावसातलं किती पाणी वाहून जाईल ते ठरवणारा आकडा) सगळं, पावसाळ्याचा आलेख इतका छान जुळला की मी टीममध्ये मिरवून घेतलं. पण पावसाळा जुळवणं सोपं असतं, एवढं पाणी येतं की बाकीच्या चुका त्यात बुडून जातात. खरी परीक्षा उन्हाळ्यात, आवक शून्य, खर्च फक्त बाष्पीभवन आणि थोडा उपसा.

आधी वाटलं बाष्पीभवन जास्त धरलंय. बाष्पीभवन मोजायच्या पॅनचं रीडिंग घेतलं, पॅनमधलं पाणी तलावापेक्षा जास्त उडतं म्हणून नेहमीसारखं 0.7 नं गुणलं, तरी फरक. मग लक्षात आलं की वर जलपर्णी आहे, आणि ती उघड्या पाण्यापेक्षा जास्तच पाणी उडवते, म्हणजे फरक कमी व्हायच्या ऐवजी वाढलाच! दिवसाला एखादा मिलिमीटर ऐकायला काहीच नाही, पण तलाव साधारण दोन चौरस किलोमीटर, तर एक मिलिमीटर म्हणजे 20 लाख लिटर झाले. रोजचे. कुठून?

सरांना दाखवलं तर ते स्क्रीनकडे न बघताच म्हणाले, "बेसफ्लो वाढव ना, जुळेल." बेसफ्लो म्हणजे जमिनीखालून पाझरत येणारं पाणी. जुळलंही, दहा मिनिटांत, आणि तेच मला झेपलं नाही. खाली बसाल्ट आहे हो, काळा कातळ, मेपर्यंत त्यातून काय पाझरणार? आमच्या धंद्यात जे समजत नाही ते भूजलात ढकलतात, कारण तिथे कोणी उतरून बघत नाही.

शेवटी सकाळी सातलाच तलावावर जाऊन पोचले, स्वखर्चाने, रिक्षाचं बिल कोणी पास करत नाही. तीन-चार आठवडे पावसाचा थेंब नाही आणि तलावात येणारा नाला भरून वाहतोय, वर फेस, वास तर विचारू नका. गळ टाकून बसलेले एक काका म्हणाले, "ताई, हा नाय सुकत कधी. आता बघा जोर, अकरा वाजता या, अर्धा पण नसेल." अकरापर्यंत थांबले. खरंच उतरला. सगळ्यांच्या आंघोळी, धुणी-भांडी आटोपली होती. भूजलाला सकाळची घाई नसते.

हा तलाव 1891 मध्ये बांधला तो पिण्याच्या पाण्यासाठीच, पण ते फार काळ जमलं नाही. मुंबई पावसाळाभर सात तलाव किती टक्के भरले बघत बसते, त्यात हा नाहीच, म्हणून याच्यात काय येतं ते विचारायला कोणी येत नाही.

मी टेबलात वेगळी ओळ टाकली, 'सांडपाण्याची आवक, मोजमाप आवश्यक'. फायनल रिपोर्टात ती 'भूजल योगदान' झाली. सर म्हणाले सांडपाणी आपल्या स्कोपमध्ये नाही. सही दोघांची आहे, मीही केली, नाही असं नाही.

आता तेच मॉडेल पुढच्या वर्षांचे अंदाज काढायला वापरणारेत. उद्या हे नाले खरंच वळवले की माझं भूजल पण त्याच दिवशी बंद, मॉडेल तलाव भरलेला दाखवणार आणि पट्टी खाली जाणार, आणि फोन सरांना नाही, मला येणार.