एकोणीस नग

मुद्देमालाच्या यादीत एवढीच नोंद होती: हस्तिदंत, १९ नग. पुढे एकूण वजन, सही, शिक्का. पोती आमच्या प्रयोगशाळेच्या दारात उतरवून तपास अधिकारी म्हणाले, "मॅडम, खरं आहे की नकली, एवढंच लिहून द्या. बाकी आमचं आम्ही बघतो."

तेवढं सांगायला मला फारसा वेळ लागत नाही. सुळा आडवा कापला की कापावर एकमेकींना छेदणाऱ्या रेषांची जाळी दिसते. या श्रेगर रेषा. बाहेरच्या कडेजवळ त्यांच्यातला कोन हत्तीत सरासरी ११५ अंशांच्या वर असतो, मॅमथ या त्याच्या नामशेष झालेल्या केसाळ नातलगात ९० च्या खाली. हा फरक आमच्या फार कामाचा, कारण "बर्फात सापडलेल्या मॅमथचं आहे" हा बचाव आता नेहमीचाच झालाय. हाडात ही जाळी नसते, प्लॅस्टिकमध्ये तर नाहीच. चार ठिकाणी कोन मोजले. हत्तीच होते.

आरोपीचं दुसरं म्हणणं असं, की माल आजोबांच्या काळचा आहे. १९८९ साली वन्यजीवांच्या व्यापारावरच्या साइट्स करारातल्या देशांनी हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आणायचं ठरवलं, तेव्हापासून जगभर सगळ्यांचे आजोबा भलतेच शौकीन निघाले आहेत. अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेल्या कार्बन-१४ या किरणोत्सारी कार्बनवरून सुळ्याचं वय काढता येतं. मोठ्या जप्त्यांमधले सुळे या पद्धतीने तपासले तेव्हा बहुतेक हत्ती जप्तीच्या आधी तीन वर्षांच्या आत मेलेले निघाले. आमच्या मालासाठी मात्र पहिल्या नजरेला तेवढ्याचीही गरज नव्हती. दोन सुळ्यांच्या बुडाच्या पोकळीत वाळलेलं मांस चिकटलेलं होतं.

अहवाल इथेच संपवता आला असता. पण एकोणीस नग म्हणजे हत्ती किती? फॉर्मवर हा रकानाच नाही. मला तो आकडा हवा होता, आणि कारण अगदी व्यवहारी होतं: डीएनए चाचणी महाग असते. एकाच हत्तीचे दोन सुळे दोनदा तपासण्यात अर्थ नाही. त्यामुळे आधी जोड्या लावायच्या.

नवीन रुजू झालेल्या सहायकाने सगळे सुळे फरशीवर लांबीप्रमाणे मांडले आणि तासाभरात तीन जोड्या लावून उरलेले बाजूला सारले. मी विचारलं, "तू कुठल्या हाताने लिहितोस?"

"उजव्या. का, मॅडम?"

हत्तीचंही तसंच असतं. खणायला, साल सोलायला एक सुळा तो जास्त वापरतो आणि तो झिजून आखूड होतो. जोडीतले दोघे सारख्या लांबीचे असतीलच असं नाही. पाहायची ती ओठाची रेघ. सुळ्याचा साधारण तिसरा हिस्सा कवटीत रुतलेला असतो. तो पांढरट राहतो, बाहेरचा भाग चीक-मातीने रंगतो. हे दोन रंग जिथे मिळतात त्या रेघेचं बुडापासूनचं अंतर, बुडाचा व्यास आणि रंगाची छटा, हे तिन्ही जुळलं तर जोडी. (आपण त्याला सुळा म्हणतो खरं, पण दातांच्या हिशेबात ती पटाशी आहे, भलतीच वाढलेली.)

रुतलेल्या त्या तिसऱ्या हिश्शामुळेच हत्ती जिवानिशी जातो. शिकाऱ्याला तोही हवा असतो, म्हणून कुऱ्हाडीने चेहरा फोडतात. तेरा सुळ्यांच्या बुडाशी घाव होते. सहायक ते मोजत होता आणि मोजता मोजता गप्प झाला.

तीन वाजेपर्यंत सात जोड्या लागल्या. एका जोडीतले सुळे माझ्या मनगटाएवढेच जाड होते. मोठे सुळेवाले संपत आले की हात लहानांकडे वळतो.

पाच उरले. उलटसुलट करून पाहिले, दिवा बदलून पाहिला, पण त्यांना जोडीदार नव्हते. पूर्वी मी अशांना 'सुटे' म्हणून सोडून द्यायचे. पण हस्तिदंताच्या डीएनएवर काम करणारे शास्त्रज्ञ सॅम्युअल वॉसर यांच्या गटाने २०१८ साली दाखवून दिलं की एकाच हत्तीचे दोन सुळे तस्करीच्या वेगवेगळ्या खेपांत सापडतात, आणि त्या खेपा बहुतेक वेळा एकाच बंदरातून, थोड्याच महिन्यांच्या अंतराने निघालेल्या असतात. म्हणजे दोन्हींमागे टोळी एकच. न्यायालयात एका खेपेचा आरोपी फक्त त्या खेपेपुरता गुन्हेगार ठरतो. सुटा सुळा त्याला दुसऱ्या खेपेशी बांधतो.

मी अधिकाऱ्यांना फोन केला.

"एकोणीसच ना, मॅडम?"

"नग एकोणीस. हत्ती कमीत कमी बारा."

"कमीत कमी?"

"पाचांचे जोडीदार यात नाहीत. तुमच्याकडे किंवा शेजारच्या बंदरावर आधी काही पकडलं असेल, तर त्याचे नमुने मला हवेत."

पलीकडे बराच वेळ कागद चाळल्याचा आवाज येत राहिला. मग ते म्हणाले, "उद्या सांगतो." आवाजातली घाई गेली होती.

संध्याकाळी बारा नमुने कापले, प्रत्येकी काड्यापेटीपेक्षा लहान. तुकडा द्रव नायट्रोजनमध्ये गोठवूनच दळायचा, नाहीतर घर्षणाच्या उष्णतेने डीएनए खराब होतो. मग काही दिवस कॅल्शियम काढण्यात जातात. शेवटी निकाल ताडून पाहायचा तो ठिकठिकाणच्या हत्तींच्या लिदीतून मिळवलेल्या डीएनएच्या नकाशाशी, म्हणजे माल पकडला कुठे यापेक्षा हत्ती मारला कुठे, हे कळतं.

करवत फिरायला लागली आणि खोलीत तो वास पसरला. दंतवैद्याच्या खुर्चीत दाढ कोरताना येतो, अगदी तोच. मला सवय आहे. सहायकाने मास्कवर दुसरा मास्क चढवला, तरी बाराही नमुन्यांवर स्वतःच चिठ्ठ्या लावल्या. सोमवारी त्याला दाढ भरायला जायचं होतं. त्याने ती वेळ रद्द केल्याचं मला नंतर कळलं.