जाळायची प्रत

सप्टेंबरची २७ तारीख आली की संध्याकाळच्या वेळी दुकानात एक गिऱ्हाईक हमखास येतं. माणूस दरवर्षी वेगळा, कागद तोच. "काका, नागपूर कराराच्या पंधरा प्रती मारून द्या." दुसऱ्या दिवशी, म्हणजे २८ तारखेला, चौकात त्यांची होळी. यवतमाळ जिल्ह्यात वणीत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. करार झाला १९५३ मध्ये, माझ्या जन्माच्या आधी. विदर्भानं मराठी राज्यात यावं म्हणून नेत्यांनी त्यात वचनं दिली; ती पाळली नाहीत म्हणून वेगळा विदर्भ मागणारे तो दरवर्षी जाळतात. तो जाळायला लागणारा कागद मात्र गेली पंचवीसेक वर्षं मीच पुरवून राहिलो.

मूळ प्रत बाबांची. मूळ म्हणजे काय, झेरॉक्सची झेरॉक्स. मजकूर इंग्रजीत. यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे, रामराव देशमुख यांच्या सह्यांच्या जागी नुसते शाईचे डाग उरलेत. कुणाची सही कोणती हे बाबांनी सांगितलं म्हणून मला ठाऊक. त्यावर आमच्याकडचा प्रसाद वेगळाच. कोळशाचे ट्रक दिवसभर रस्त्यावरून जातात. मशीनची काच सकाळी पुसली तरी दुपारपर्यंत धूळ बसते, आणि ती प्रतीवर काळे ठिपके होऊन उमटते. हा कोळसा वीजकेंद्रांना जातो. वीज कुठे कुठे जाते ते सांगायला नको. आमच्याकडे ओलिताची पाळी रात्रीची आली की शेतकरी बॅटरी घेऊन वावरात जातो.

बाबा जिल्हा परिषदेत मास्तर होते. वणी हे वेगळं राज्य मागणाऱ्या लोकनायक बापूजी अण्यांचं गाव, त्यामुळे वेगळा विदर्भ आमच्या घरात पाढ्यांसारखा पाठ. १९५५ च्या फाजल अली आयोगानं विदर्भाचं वेगळं राज्य करा म्हणून शिफारस केली होती, हे मला शाळेत जायच्या आधी माहीत होतं. तेव्हा नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला आम्ही द्विभाषिक मुंबई राज्यात गेलो आणि नागपूरचं तख्त उठलं. बाबा हे असं सांगत की वाटावं, घरातलंच कपाट कुणी उचलून नेलं.

करारात पुष्कळ गोष्टी आहेत. नोकऱ्यांमध्ये लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा, शिक्षणात वाटा. ठरावीक काळ सरकारच अधिकृतपणे नागपूरला हलेल आणि विधिमंडळाचं वर्षाला एक तरी अधिवेशन तिथे होईल, हेही त्यात आहे. ते अधिवेशन होतं, नाही असं नाही. डिसेंबरात सरकार येतं, पण येतं जावयासारखं. हुरडा खातो, संत्र्यांची पेटी बांधून घेतो, आणि कामाचं काढलं की म्हणतो, बघू. जेमतेम दोन आठवड्यांत गाडीत बसून परत.

मला स्वतःला हे कळलं २०११ मध्ये. बाबांचं हृदयाचं ऑपरेशन झालं, बिल मोठं. सरकारकडून त्याची भरपाई मिळायची होती, पण रक्कम एका मर्यादेच्या वर गेली म्हणून मंजुरी मुंबईहून. आठ महिने फाईल हलेना, तेव्हा मी निघालो. एसटीनं वर्धा, तिथून संध्याकाळची विदर्भ एक्सप्रेस, सकाळी मुंबई. एका कार्यालयाच्या दारात पाससाठी रांगेत उभा राहिलो, दुपार झाली, आणि एकदाचा टेबलापर्यंत पोचलो. साहेब वाईट नव्हते. फाईल काढून दाखवली त्यांनी. वर चिठ्ठी होती, "त्रुटी". पान सातवर दवाखान्याची मूळ पावती नाही, झेरॉक्स जोडली आहे.

हसावं की रडावं! झेरॉक्सवाल्याची फाईल झेरॉक्सपायी अडली. मूळ पावती घरी, ट्रंकेत. ती आणायची म्हणजे पुन्हा एक रात्र जायची, एक यायची. हीच चूक नागपुरात निघाली असती तर दुसऱ्या दिवशी दुपारी पावती घेऊन मी टेबलापुढे उभा असतो. कुणी विचारलं की तुला वेगळं राज्य कशाला पाहिजे, तर मला अनुशेषाचे, म्हणजे विकासात मागे राहिल्याचे, आकडे आठवत नाहीत. पान सात आठवतं.

पण आकडे आहेतच. विधानसभेच्या २८८ पैकी आमचे आमदार ६२. आधी ६६ होते. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेत चार गेले, लोकसभेच्या जागा ११ च्या १० झाल्या. कोणी लुटून नेल्या नाहीत. माणसं मोजली, ती तिकडे जास्त भरली. का भरली? माझी मुलगी पुण्यात नोकरीला, भावाचा मुलगा पुण्यातच. मुलीनं मतदार यादीतलं नावही तिकडे नेलं. इकडे काम नाही म्हणून पोरं जातात, पोरं गेली म्हणून जागा कमी होतात, आणि जागा कमी म्हणून गोसीखुर्दसारखं धरण रखडतं. १९८८ मध्ये राजीव गांधींनी पायाभरणी केलेल्या प्रकल्पाचं काम माझे केस पांढरे झाले तरी चालूच आहे. आता पुढची जनगणना होईल, त्यानंतर पुन्हा मोजणी. तेव्हा ६२ चे किती राहतात, मी अंदाज करत नाही.

दुकानात बसणारे एक मामा आहेत, ते लगेच तोंड घालतात. "काहून रडता बे? कन्नमवार चांदा जिल्ह्याचे, वसंतराव नाईक पुसदचे, अकरा वर्षांच्या वर मुख्यमंत्री! फडणवीस नागपूरचे. आपलीच माणसं होती नं?" उत्तर द्यायला मला दर वेळी जड जातं. बायको अकोल्याची, ती आणखी वेगळं सांगते. "तुमचं राज्य झालं की सगळं नागपुरातच जाईल. आमच्यासाठी नागपूर म्हणजे दुसरी मुंबई." खोटं नाही. गडचिरोलीच्या टोकावरच्या सिरोंच्याच्या माणसालाही विचारावं लागेल, त्याला नागपूर तरी कुठे जवळ आहे.

आणि मतं? वेगळ्या विदर्भासाठी नागपूरनं १९६२ मध्ये अपक्ष अण्यांना लोकसभेत पाठवलं, १९७१ मध्ये जांबुवंतराव धोट्यांना. बाबा ती नावं घेताना खुर्चीत सरळ होऊन बसायचे. गेल्या विधानसभेला आमच्या चौकात कापूस आणि सोयाबीनच्या भावावर भाषणं झाली. विदर्भाचं नाव मी एकाही माइकवरून ऐकलं नाही. छत्तीसगड २००० मध्ये झालं, तेलंगण २०१४ मध्ये. आम्ही दोन्हींच्या शेजारी बसून बघितलं.

यंदा आलेला पोरगा विशीतला होता, कॉलेजातला. टोनर संपत आला होता. अकरावी प्रत फिकी निघाली, बारावी आणखी फिकी. सह्या तर दिसेचनात. मी म्हटलं, थांब दोन मिनिटं, टोनर बदलून पुन्हा मारून देतो.

"राहू द्या नं काका," तो म्हणाला, "जाळायचीच तर आहे."

मी टोनर बदलला.