लाल विंचू चावला तेव्हा

जूनचा पहिला आठवडा. कळमेश्वरकडच्या आमच्या वावरात धुऱ्याचे दगड रचत होतो. एका दगडाखाली हात घातला आणि बोटापासून खांद्यापर्यंत आग गेली. दगड उलटला तर खाली तांबूस विंचू. पुढचे चिमटे बारीक, शेपटी जाड.

काकाजींनी उतारा करणाऱ्याला बोलावणं धाडलं. तो यायच्या आतच दुखणं ओसरायला लागलं. "उतरलं बाप्पा," काकाजी म्हणाले. मलाही तसंच वाटलं. पण सदरा घामानं चिंब झाला होता, तळहात गार पडले होते आणि दोनदा उलटी झाली. बायकोनं कोणाचंच ऐकलं नाही. भाच्याच्या गाडीत घालून तिनं मला थेट नागपूरच्या सरकारी दवाखान्यात आणलं. तिच्यामुळेच आज हे लिहितो आहे.

डॉक्टर मॅडमनी पहिलाच प्रश्न केला, "घाम कधी सुटला?" दुखण्याचं मी सांगत होतो, ते त्यांनी बाजूला ठेवलं. नुसती आग होत राहिली तर धोका बहुधा कमी असतो. घाम, उलटी, गार हातपाय म्हणजे विष अंगात भिनलं. रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदय थकतं आणि फुप्फुसात पाणी साचतं. माणूस त्यानं दगावतो.

मला प्राझोसिनची गोळी दिली. रक्तदाबाचं साधं, स्वस्त औषध. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर ते वापरून दाखवलं आणि कोकणातल्या खेड्यापाड्यांतले किती जीव वाचवले! २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा बातमी वाचून मी पान उलटलं होतं.

गोळीनंतर उठायला सक्त मनाई, कारण उभं राहताच रक्तदाब एकदम पडतो. लघवीलाही पलंगावरच. तीन तासांनी पुन्हा गोळी. नर्सताई दर वेळी आधी माझे तळपाय चाचपायच्या. पहाटे म्हणाल्या, "गरम झाले भाऊ." मी रडलो.

हा विंचू हॉटेंटोटा वंशातला. आफ्रिकेपासून भारतापर्यंत कोरड्या, डोंगराळ मुलखात या वंशाच्या जाती आढळतात. आमच्या धुऱ्याचे तापलेले दगड त्याला घरच वाटणार. त्याला मारत सुटावं असं मला वाटत नाही. किडे खाऊन जगतो बिचारा. आता दगड आधी सब्बलीनं उलटतो आणि रात्री अतिनील (यूव्ही) किरणांची टॉर्च नेतो. त्या उजेडात विंचू हिरवट चमकतात.

काकाजींनी झोपडीच्या दारावर खडूनं ॲम्ब्युलन्सचा नंबर, मोठ्ठं १०८, लिहून ठेवलंय.