प्रोजेक्टरच्या खोलीतली दुपार
एका जुन्या चित्रपटगृहात ऑपरेटर म्हणून उमेदीची वर्षे घालवलेल्या काकाजींच्या आठवणी आज त्यांच्या नागपूरच्या महाल भागातील घरी ध्वनिमुद्रित केल्या. नटनट्यांविषयीची माझी प्रश्नावली पहिल्या दहा मिनिटांतच निरुपयोगी ठरली (आणि ते बरेच झाले), कारण त्यांना सांगायचे होते ते प्रोजेक्टरच्या दिव्यातील कार्बनच्या कांड्यांविषयी, ज्यांच्यामधल्या विजेच्या ज्योतीने (आर्कने) पडद्यावर प्रकाश पडे. त्या जळत जात तसतसे त्यांच्यातील अंतर सांभाळावे लागे, नाहीतर पडदा काळवंडून खालून शिट्ट्या सुरू होत. ३५ मिलिमीटरचे २००० फुटांचे रीळ साधारण २२ मिनिटे चाले; ते संपण्याच्या सुमारे आठ सेकंद आधी चित्राच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात ठिपका चमकला की पुढचे रीळ चढवलेल्या दुसऱ्या प्रोजेक्टरची मोटर सुरू करायची, आणि दुसरा ठिपका दिसताच खेळ त्या यंत्रावर न्यायचा, असा तो नेम होता. प्रेक्षकांना हा बदल कळला नाही, तरच काम चोख झाले. नागपूरचा मे महिना आणि शेजारी धगधगता आर्क, याविषयी विचारले तेव्हा ते नुसते हसले. डिजिटल प्रक्षेपण आल्यावर ठिपके गेले. तरीही दूरचित्रवाणीवर जुना चित्रपट लागला की त्यांची नजर अजून त्याच कोपऱ्याकडे जाते. पुढच्या रविवारी पुन्हा जाणार आहे.