वाकलेली रेघ

पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी माझ्यापुढे कोबाल्टच्या एका संयुगाची चिमूटभर गुलाबी पूड होती. १९९३ साली बारा मँगनीजच्या रेणूने दाखवून दिलं की एकटा रेणूही चुंबकत्व धरून ठेवू शकतो, पण ते अतिथंडीतच. जरा ऊब मिळाली की रेणूची कंपनं स्पिनला, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या चिमुकल्या चुंबकाला, ऊर्जा पुरवतात आणि तो पलटतो. स्पिन आणि कंपन नेमके कुठे भेटतात, ते मला बघायचं होतं.

या कोबाल्टला तीन सुटे, म्हणजे जोडीदार नसलेले, इलेक्ट्रॉन, म्हणून स्पिनच्या चार पातळ्या, दोन जोड्यांत. जोड्यांमधलं अंतर शंभर वेव्हनंबरच्या (ऊर्जा मोजायचं एक एकक) थोडं वर, म्हणजे दूर-अवरक्त प्रकाशाच्या टप्प्यात. पंचाईत अशी की रेणूची कंपनंही तिथेच दाटीवाटीने बसलेली. वेगळं करायला चुंबकीय क्षेत्र लावायचं: स्पिनचं पीक, म्हणजे आलेखातलं शिखर, क्षेत्राच्या दर टेस्लामागे साधारण एका वेव्हनंबरने सरकतं, कंपनं ढिम्म.

सांगायला सोपं. पुडीची पहिली पेलेट, म्हणजे दाबून केलेली चकती, इतकी जाड झाली की प्रकाश पार जाईना. दुसरी पातळ केली, पंप सुरू केला आणि उशिरा लक्षात आलं की पूड जांभळी पडली आहे. निर्वातात तिच्यातलं पाणी उडून गेलं होतं. मी दिवसभर भलताच रेणू मोजत होते! पुढे पूड मेणासारख्या आयकोसेनमध्ये कालवली, तेव्हा ती टिकली.

मग आकडेमोडीचा घोळ. प्रत्येक स्पेक्ट्रमला, म्हणजे कुठे किती प्रकाश शोषला गेला त्या आलेखाला, शून्य क्षेत्राच्या स्पेक्ट्रमने भागत होते, त्यामुळे सुरुवातीच्या जागी सगळ्याच आलेखांत एक उलटी रेघ उमटायची, भुतासारखी. सगळ्या क्षेत्रांची सरासरी काढून तिने भागलं, तेव्हा ती गेली.

आणि खरी रेघ दिसली, वाकडी. पाच टेस्लाच्या आसपास स्पिनचं पीक वर चढता चढता अडखळलं, आणि हलायलाच नको असं शेजारचं कंपन पुढे सरकलं. दोघांनी एकमेकांना छेदलंच नाही. मी वहीत लिहिलं, ‘बोलोमीटर तपासणे’, म्हणजे प्रकाश टिपणारा डिटेक्टर, आणि दोन दिवस द्रवरूप हेलियम जाळलं. डिटेक्टर ठणठणीत होता.

मग संयुगाच्या पाण्यातल्या हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, घातलेला नमुना केला. जड अणूमुळे ते कंपन खाली उतरलं, स्पिनचं पीक शून्य क्षेत्रात होतं तिथेच. वाकण आता तीन टेस्लाच्या आतच आलं! जागा कंपनाबरोबर हलली, म्हणजे दोष यंत्राचा नव्हे. त्या ठिकाणी पीक धड स्पिन नाही, धड कंपन नाही. दोन शिखरं सगळ्यात जवळ येतात तिथलं अंतर मोजायचं, त्याचं अर्धं म्हणजे त्यांच्या जोडणीची ताकद. माझ्या नमुन्यात ती जेमतेम एक-दीड वेव्हनंबर निघाली.

बोलोमीटरची ती ओळ वहीत अजून आहे. खोडलेली नाही.